दोन-दहाला अलार्म वेंट ऑफ

१

रविवारी सकाळी सहाला डेअरीच्या केमिस्टने तीन नंबरच्या टाकीचं झाकण उघडलं, आणि दुसऱ्याच क्षणी नाकाला रुमाल लावून ती शिडीवरून खाली उतरली. अठरा हजार लिटर दूध नासलं होतं. त्या दिवशी दोन दवाखाने, चार पाळणाघरं आणि निम्मं शहर दुधावाचून राहिलं. सोमवारी टाकीवरच्या ऑपरेटरला घरी बसवलं. आणि बुधवारी ते सगळं प्रकरण एका जाडजूड पाकिटात कोंबून बाईंच्या टेबलावर येऊन आदळलं.

बाई म्हणजे इंग्रजीच्या बाई. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता कज्जेखटल्यांची, करारांची भाषांतरं करणाऱ्या. त्यांना नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलं नव्हतं. अर्ध्या गावाने त्यांच्या हातच्या पट्ट्या खाल्लेल्या, आणि उरलेल्या अर्ध्याने त्या कशा लागतात ते ऐकलेलं.

काम सरळ होतं. डेअरीतल्या लोकांनी मराठीत दिलेले जबाब हेड ऑफिससाठी इंग्रजीत करायचे. उलट, ऑपरेटरवरचं आरोपपत्र आणि टाकीच्या लॉगबुकातलं त्या दिवसाचं पान इंग्रजीतून मराठीत करायचं, म्हणजे ऑपरेटरने ते वाचून सही करायची आणि प्रकरण मिटायचं. लॉगबुक इंग्रजीतच लिहायचं असा हेड ऑफिसचा हुकूम होता. लिहिणाऱ्याला इंग्रजी येतं की नाही, ही चौकशी कुणी केली नव्हती.

बाईंनी ते पान पुढे ओढलं. शनिवार, दुपार. दोन वाजता टाकीचं तापमान चार, सगळं ठीक. आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत एकच ओळ: ‘टू टेन. अलार्म वेंट ऑफ.’

बाईंनी पेन खाली ठेवलं.

‘गो ऑफ’. चौतीस वर्षं ज्याने त्यांचं डोकं पिकवलं, तोच पुन्हा समोर. बॉम्ब गो ऑफ झाला तर फुटतो. दिवा गो ऑफ झाला तर विझतो. दूध गो ऑफ झालं तर नासतं, माणूस गो ऑफ झाला तर चालता होतो, आणि समारंभ गो ऑफ झाला तर पार पडतो. या सगळ्यावर कडी म्हणजे अलार्म. अलार्म गो ऑफ झाला तर शिष्ट इंग्रजीत तो वाजतो. पण ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या हातून तोच शब्द ‘बंद पडला’ म्हणूनही उतरू शकतो. असल्या भाषेला हात जोडावेत की कपाळावर मारावेत?

आरोपपत्रात मात्र शंकेला जागा नव्हती. ‘दोन-दहाला अलार्म वाजला. ऑपरेटरने तशी नोंद केली, कटकट नको म्हणून अलार्मचं पॅनल बंद केलं आणि जागा सोडली.’ सोबत प्लांटच्या इंजिनियरचा जबाब जोडला होता: मी माझ्या केबिनमध्ये होतो, तो अलार्म मी स्वतः ऐकला.

त्याच्याखाली ऑपरेटरचा जबाब. अख्ख्या पानावर चार शब्द. ‘अलार्म वाजला नाही. बस.’

म्हणजे एकाच माणसाच्या हाताने लिहिलं होतं की वाजला, आणि त्याच माणसाच्या तोंडाने सांगितलं होतं की नाही वाजला. बाईंनी हेड ऑफिसला फोन लावला. पलीकडच्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, की मॅडम, तुम्ही अर्थ लावत बसू नका, नुसतं भाषांतर करा. शुक्रवारी सही हवी.

“अर्थ न लावता भाषांतर!” फोन ठेवून बाई भिंतीला म्हणाल्या. “पाणी न लावता आंघोळ!”

२

“कुणावर ओरडतेयस?” आतून वन्सं बाहेर आल्या. बाईंच्या नणंदेला ऐंशी पुरी झाली होती, पण कान शाबूत होते.

बाईंनी सगळं सांगितलं. वन्सं ऐकून घेत खुर्चीत बसल्या.

“इंग्रजीला कशाला नावं ठेवतेस? आपलं ‘लागणं’ घे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, वेड लागतं. आता मला सांग, बाहेरच्या माणसाने यातून काय समजायचं?”

“वन्सं, इथे एका माणसाची नोकरी चाललीय.”

“मग त्या माणसाला विचार की, त्याने कुठल्या अर्थाने लिहिलंय ते. इथे बसून कागदाला काय विचारतेस?”

बाईंना राग आला, कारण वन्सं बरोबर बोलत होत्या. त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं आणि ऑपरेटरचा पत्ता शोधला. पत्त्याच्या वर नाव होतं, आणि ते नाव वाचून बाईंनी पाकीट खाली ठेवलं.

“काय गं?”

“घुम्या,” बाई म्हणाल्या. “माझ्याच वर्गातला. शेवटच्या बाकावरचा. वर्षभरात दहा वाक्यं बोलला असेल तर शपथ.” मग त्यांनी इंजिनियरच्या जबाबाखालची सही पुन्हा पाहिली, आणि चष्मा काढून पुसला. “आणि हा पोपट. त्याच बाकावर बसायचा. पाच वर्षं शाळेत इंग्रजीत पहिला.”

३

गुरुवारी सकाळी बाई डेअरीत गेल्या. “एका शब्दाचा अर्थ लागत नाहीये, तेवढा विचारून जाते,” असं त्यांनी गेटवर सांगितलं. हे खरंही होतं.

पोपटने उठून खुर्ची दिली. टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं, पण जिभेवरचं तेल तसंच होतं. “बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी गाडी पाठवली असती.”

“पॅनलची खोली कुठे आहे?”

“ही काय, माझ्या केबिनला लागून. कुलूप असतं. किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे, एक ऑपरेटरकडे.” त्याने उसासा सोडला. “वाईट वाटतं हो बाई. माझ्या बाकावरचा मुलगा. पण अठरा हजार लिटर! आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, अलार्म वेंट ऑफ. मी तरी काय करणार?”

“तू तो ऐकलास.”

“स्वतःच्या कानांनी. पाच-सात मिनिटं वाजत होता. वाटलं, तो बघतोय. मग थांबला, म्हणून मी निश्चिंत झालो.”

“तू त्या वेळी केबिनमध्ये काय करत होतास? शनिवारी दुपारी डेअरी बघायला पाहुणे आले होते ना? फाइलीत त्यांचं आभाराचं पत्र आहे.”

“फोन आला होता. पाहुण्यांना केमिस्टच्या ताब्यात देऊन दहा मिनिटं आलो.”

त्या पत्रातही तोच शब्द होता. ‘द व्हिजिट वेंट ऑफ व्हेरी वेल.’ भेट छान पार पडली. दोनला पोचलो, आधी पॅकिंगचा हॉल पाहिला, सगळीकडे शांतता आणि शिस्त बघून आनंद झाला. बाईंनी काल रात्रीच्या जेवणाआधी ते भाषांतर केलं होतं आणि ‘शांतता’ या शब्दापाशी त्यांचं पेन जरा अडखळलं होतं.

प्रयोगशाळेत केमिस्ट काचेच्या नळ्या धूत होती. तिशीची, बोलायला चटपटीत, आणि घाबरलेली. कारण साडेतीनचा नमुना तिने घ्यायचा असतो आणि पाहुण्यांच्या नादात तो राहून गेला होता.

“माझ्यावरही येणार आहे बाई, मला माहितीय. घेतला असता तर दूध कोमट आहे हे तेव्हाच कळलं असतं.”

“अलार्म ऐकलात?”

“नाही. पण मी पाहुण्यांना मशीनबद्दल सांगत होते. लक्ष नसेल.”

“भोंगा कुठे आहे?”

“पॅकिंग हॉलच्या छपरावर.”

“आणि तुम्ही कुठे होतात?”

केमिस्टच्या हातातली नळी थांबली. “पॅकिंग हॉलमध्ये,” ती हळूच म्हणाली.

“साहेब परत आले तेव्हा काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘आता निवांत बघा.’ पाहुण्यांना.”

“रविवारी सकाळी तुम्ही झाकण उघडलंत, तेव्हा अलार्म वाजत होता?”

“नाही. मी साहेबांना फोन केला. ते धावत आले, आधी पॅनलच्या खोलीत गेले, आणि मग तो वाजायला लागला. ते म्हणाले, बघा, ऑपरेटरने बंद करून ठेवलं होतं.”

बाहेर पडताना गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनने बाईंना थांबवलं. त्याने आधी इकडे पाहिलं, मग तिकडे.

“बाई, माझ्या जबाबात ‘काही ऐकलं नाही’ असं आहे. ते इंग्रजीत करताना जरा जपून करा.”

“का बरं मामा? ऐकलं होतंत की काय?”

“नाही हो!” तो आणखी जवळ आला. “पाहुण्यांना आत सोडलं, आणि इथेच, हॉलच्या भिंतीला टेकून माझा डोळा लागला. अडीचला जाग आली. हे कळलं तर मला काढतील.”

बाईंनी मान वर करून पाहिलं. भिंतीच्या वर, छपराच्या कडेला, पितळी घमेल्याएवढा भोंगा त्यांच्याकडे तोंड वासून बघत होता.

“मामा, तो वाजतो तेव्हा कसा वाजतो?”

“काय सांगू? पाखरं उडतात. मेलेला उठून बसेल.”

“आणि तुम्ही त्याच्याखाली अर्धा तास झोपलात.”

वॉचमनने मान वर करून भोंग्याकडे पाहिलं.

४

घुम्याच्या घरी त्याची बायको दारात उभी होती. तिने बाईंना आत घेतलं आणि कुणी काही विचारायच्या आधी बोलायला लागली. “तुम्ही तरी सांगा त्यांना. बावीस वर्षं नोकरी केली. चार दिवस झाले, भिंतीकडे बघत बसलेत. वकिलाकडे चला म्हटलं तर म्हणतात, गरज नाही, मिटेल. कसं मिटेल? आपोआप?”

घुम्या कॉटवर बसला होता. बाईंना पाहून तो उठला आणि हात मागे बांधून उभा राहिला, जसा पस्तीस वर्षांपूर्वी राहायचा.

“बस. दोन-दहाला काय झालं?”

“लिहिलंय की.”

“काय लिहिलंयस ते मला वाचता येतं. मला तू सांग.”

“अलार्म गो ऑफ झाला.”

“म्हणजे काय झालं?”

त्याने बाईंकडे असं पाहिलं, की जणू बाईच परीक्षेत गोंधळल्या होत्या. “म्हणजे बंद पडला. टाकीपाशी पॅनलचा हिरवा दिवा असतो, तो गेला. सगळंच गेलं.”

“अरे, अलार्म गो ऑफ झाला म्हणजे वाजला! अख्खं जग तसं म्हणतं! तुला हे कुणी सांगितलं, की गो ऑफ म्हणजे बंद पडणं?”

घुम्या म्हणाला, “तुम्हीच.”

“मी?”

“आठवीत. मी ‘द लॅम्प वेंट आउट ऑफ’ असं काहीतरी लिहिलं होतं. तुम्ही चिडलात. फळ्यावर लिहिलंत, गो ऑफ म्हणजे बंद पडणे, आणि माझ्याकडून पन्नास वेळा लिहून घेतलंत. अजून पाठ आहे.”

बाईंना तो तास आठवला नाही. असे शेकडो तास झाले होते. पण फळ्यावरचं ते वाक्य आठवायची गरजच नव्हती. ते त्यांचंच होतं. मधल्या सुट्टीची घंटा व्हायला आलेली असणार, डोकं तापलेलं असणार, आणि एक अर्थ सांगून बाकीचे उद्या सांगू म्हणून खडू ठेवला असणार. तो उद्या आलाच नाही.

त्यांनी त्यावर काही बोलण्याऐवजी पाकिटातून एक कागद काढला.

“दिवा गेल्यावर तू काय केलंस?”

घुम्या भिंतीकडे बघायला लागला.

“बोल ना!” बायको कळवळली.

“मिटेल,” घुम्या म्हणाला. “तो म्हणालाय.”

“तो म्हणजे पोपट?”

बाईंनी चष्मा लावला आणि पोपटचा जबाब मोठ्याने वाचला. पहिल्या ओळीपासून. ‘तो अलार्म मी स्वतः ऐकला’ इथपर्यंत आल्या, तेव्हा घुम्याने हात पुढे करून कागद मागितला. त्याने ती ओळ बोट ठेवून वाचली. दोनदा.

“असं लिहिलंय त्याने?” त्याचा आवाज एवढा बारीक झाला होता, की बायकोने जवळ येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “दिवा गेला तसा मी त्यालाच फोन करणार होतो. तेवढ्यात त्याचाच आला. मी म्हटलं, पॅनल बंद पडलंय. तो म्हणाला, माहितीय, मी बघतो, तू गेटवर जा, टँकर नीट रांगेत लाव, पाहुणे बघतायत. मी गेलो. सोमवारी म्हणाला, तू कुणाला काही सांगू नकोस, मी वरती बोलून मिटवतो.”

“आणि तू त्याच्यावर विश्वास ठेवलास?”

“एका बाकावर होतो,” घुम्या म्हणाला.

५

पण हा झाला शब्दाविरुद्ध शब्द. पोपट म्हणणार, असा फोन मी केलाच नाही. आणि घुम्याने ‘वाजला’ असं लिहून नंतर अर्थ फिरवला. हेड ऑफिस कुणाचं ऐकणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुपारी बाईंनी केमिस्टला फोन केला, आणि तासाभराने ती टाकीची जुनी लॉगबुकं रिक्षात घालून घेऊन आली. अकरा वर्षांची, अकरा. बाईंनी, केमिस्टने आणि वन्संनी ती वाटून घेतली. वन्संना इंग्रजी येत नव्हतं, पण बाईंनी त्यांना ‘वेंट ऑफ’ची आणि ‘अलार्म’ची आकृती काढून दिली होती आणि त्या गहू निवडावेत तशा पानं निवडत होत्या.

‘ट्यूबलाइट वेंट ऑफ. चेंज.’ ‘पंप टू वेंट ऑफ. वायरमन कम.’ ‘फॅन वेंट ऑफ. व्हेरी हॉट.’ प्रत्येक ओळीवर बाईंचा लाल पेनाचा हात शिवशिवत होता.

“हे बघा,” केमिस्ट म्हणाली. “‘अलार्म रिंग. व्हॉल्व्ह क्लोज.’”

“इथे पण,” वन्सं म्हणाल्या. “ही आकृती नाही, पण अलार्मचं चित्र तेच आहे.”

संध्याकाळी सहापर्यंत हिशेब लागला. अकरा वर्षांत अलार्म वाजल्याच्या त्रेचाळीस नोंदी, आणि त्रेचाळीसही ठिकाणी ‘अलार्म रिंग’. ‘वेंट ऑफ’ एकसष्ट ठिकाणी. त्यांत एकही वस्तू वाजली नव्हती, सगळ्या बंद पडल्या होत्या. घुम्याचं इंग्रजी तोडकंमोडकं होतं, पण पन्नास वेळा लिहून घेतलेला अर्थ त्याने एकदाही इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

“म्हणजे दोन-दहाला अलार्म मेला,” केमिस्ट म्हणाली. “पण त्याने स्वतःच पॅनल बंद केलं असेल तर?”

“आपणच केलेलं पाप कोण वेळेसकट वहीत लिहून ठेवतं?” बाई म्हणाल्या. “किल्ल्या दोन. एक त्याची नाही, तर उरली दुसरी.”

“पण साहेब असं का करतील?”

बाईंनी शेवटचं लॉगबुक तिच्यापुढे सरकवलं. शनिवारच्या आधीच्या तीन आठवड्यांत ‘अलार्म रिंग’ नऊ वेळा आलं होतं. नऊच्या नऊ ठिकाणी पुढे लिहिलं होतं: ‘चिलर ट्रिप. इन्फॉर्म इंजिनियर.’ दूध गार करणारं यंत्र तीन आठवडे कुरकुरत होतं, आणि शनिवारी पाहुणे भोंग्याच्या बरोबर खाली उभे राहणार होते.

केमिस्टने नऊही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “म्हणून ‘आता निवांत बघा’.”

६

शुक्रवारी सकाळी बाई पुन्हा पोपटच्या केबिनमध्ये गेल्या. या वेळी त्यांनी दार लावून घेतलं.

“झालं का बाई भाषांतर?”

“झालं. एक शब्द उरलाय. शनिवारी अलार्म किती वेळ वाजला म्हणालास?”

“पाच-सात मिनिटं.”

“त्या पाच-सात मिनिटांत भोंग्याखाली तीन पाहुणे उभे होते, त्यांनी पत्रात शांततेचं कौतुक केलंय. केमिस्ट उभी होती, तिने ऐकला नाही. आणि भिंतीला टेकून एक माणूस गाढ झोपला होता, त्याला जाग आली नाही. त्याचं नाव मी लिहिणार नाहीये, पण तुला कळलं असेल. एवढ्या लोकांना न ऐकू आलेला अलार्म, दार लावलेल्या केबिनमध्ये तुला एकट्याला ऐकू आला.”

पोपट हसला. “बाई, लॉगबुकात त्याने स्वतःच—”

“लॉगबुक मी वाचलंय. अकरा वर्षांचं.” बाईंनी त्रेचाळीस आणि एकसष्ट हे आकडे असलेला कागद टेबलावर ठेवला. “तो वाजण्याला ‘रिंग’ लिहितो. ‘गो ऑफ’ म्हणजे त्याच्या लेखी बंद पडणं, आणि दुसरा अर्थ त्याला आजतागायत माहीत नव्हता. कारण मी शिकवला नाही.”

पोपट कागदाकडे बघत राहिला.

“पहिल्यांदा मला वाटलं, तूही फसलास,” बाई म्हणाल्या. “इंग्रजी चांगलं येणाऱ्याला दुसरा अर्थ सुचतच नाही. पण दोन-दहाला अलार्म मेला हे तुला ठाऊक होतं, कारण पॅनल तुझ्या हाताने बंद झालं होतं. तरी तू हेड ऑफिसला लिहिलंस, वाजला. म्हणजे ती ओळ वाचल्यावर तुझ्या लक्षात आलं, की हा शब्द दोन्हीकडे फिरतो. या डेअरीत हे समजणारा तू एकटा. पुन्हा कुणी शंका काढू नये, म्हणून कुणी विचारलं नसताना ‘मी ऐकला’ असंही घातलंस.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. “आणि तो पन्नास वेळा ते वाक्य लिहीत होता, तेव्हा तू शेजारीच बसला होतास ना रे?”

पोपटने चेहरा हातांनी पुसला.

“पाहुणे तीनला जाणार होते,” तो शेवटी म्हणाला. “लगेच लावणार होतो बाई. पण ते रेंगाळले, मग गाडीपर्यंत सोडायला गेलो, तिथून घरी... डोक्यातूनच गेलं. चिलर त्याच दुपारी पुन्हा अडकला आणि सगळं दूध कोमटच टाकीत गेलं. रविवारी केमिस्टचा फोन आला तेव्हा आठवलं.”

“नुसतं चुकलं म्हणून तुझी नोकरी गेली नसती.”

“माहितीय.”

“मग?”

“भीती वाटली. पहिल्यापासून कधी नापास झालो नाही ना.”

बाईंना एकाच वेळी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. त्यांनी दोन्ही केलं नाही. कोरा कागद पुढे सरकवला.

“लिही.”

त्याने पेन उचललं, सवयीने इंग्रजीत दोन शब्द लिहिले आणि खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. मग त्याने कागद उलटा केला आणि मराठीत लिहायला लागला.

बाईंनी तिथेच बसून त्याचं भाषांतर केलं. एकही शब्द मऊ केला नाही, आणि एकही जास्त कठोर केला नाही. दुपारी हेड ऑफिसच्या साहेबांचा फोन आला, की मॅडम, हे आम्ही मागितलेलं नव्हतं. बाई म्हणाल्या, जे लिहून आलं त्याचं मी नुसतं भाषांतर केलंय.

७

पुढच्या गुरुवारी घुम्या हातात एक पत्र घेऊन बाईंकडे आला. हेड ऑफिसचं होतं, इंग्रजीत, आणि त्यातलं पहिलं वाक्य सात ओळींचं होतं. बाईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दात आवळले.

“काय म्हणतायत?”

“सोमवारपासून कामावर ये.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग बाकीचं काय आहे?”

“बाकीचं इंग्रजी आहे,” बाई म्हणाल्या. आतून वन्सं खळखळून हसल्या.

घुम्या उठायला लागला. बाईंनी त्याला थांबवलं. चौतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुठल्याही विद्यार्थ्याला म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते जरा अडखळतच बाहेर आलं. “त्या दिवशी फळ्यावर मी अर्धंच शिकवलं. माझं चुकलं.”

घुम्याने खाली पाहिलं, मग वर. “अहो बाई, दोन्ही अर्थ शिकवले असते तर मी दोन्ही विसरलो असतो.” आणि दारात पोचल्यावर, मागे न वळता, त्याने विचारलं, “त्याचं काय होणार?”

“बदली. लांब. उद्या केबिन रिकामी करतोय म्हणे.”

घुम्या चपला घालून निघून गेला.

शुक्रवारी बाई उरलेली लॉगबुकं परत द्यायला डेअरीत गेल्या. गेटच्या आत एक टेंपो उभा होता. पोपट केबिनमधून खोकी बाहेर काढत होता, आणि वॉचमनपासून वायरमनपर्यंत प्रत्येकाला अचानक दुसरीकडे बघण्यासारखं काहीतरी सापडलं होतं. लोखंडी कपाट त्याच्या एकट्याच्याने दारातून निघेना. तो घामाघूम होऊन थांबला.

घुम्याची नोकरी सोमवारपासून सुरू व्हायची होती. त्या दिवशी तिथे यायचं त्याला काही कारण नव्हतं. तरी तो आला. गेटमधून सरळ आत गेला, बाह्या वर केल्या आणि कपाटाची खालची बाजू धरली. पोपटने त्याच्याकडे पाहिलं.

“उचल,” घुम्या म्हणाला. “वरून धर. वळणावर जपून.”

दोघांनी मिळून ते कपाट टेंपोपर्यंत नेलं. पोपट रडत होता, की घाम पुसत होता, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. बाईंनी लॉगबुकांचा गठ्ठा वॉचमनच्या खुर्चीवर ठेवला आणि कुणाला काही न विचारता घरची वाट धरली.